‘मी तर गोड खातच नाही’: साखरेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात साखरेवरचे प्रश्न पाठवा म्हटलं आणि प्रश्नांचा नुसता ढीग लागला. गंमत म्हणजे बऱ्याच जणांची सुरुवात एकच, "मी तसं गोड फारसं खात नाही, पण..." आणि त्या ‘पण’नंतर जे काय येतं त्यातच सगळी मेख असते. सगळे प्रश्न घेणं शक्य नव्हतं, सारखे वाटले ते एकत्र केलेत, नावं काढलीत, एकदोन ठिकाणी मजकूर कापलाय, राग मानू नका.

आधी मापाचं बोलून घेऊ म्हणजे खाली परत परत सांगायला नको. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर, शीग लावून भरला तर ६ पर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की दिवसभराच्या कॅलरींपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ‘फ्री शुगर’मधून याव्यात, ५ टक्क्यांच्या खाली आणलं तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, बारा-साडेबारा चमचे. ५ टक्के म्हणजे सहा चमचे. आणि फ्री शुगर म्हणजे आपण वरून घातलेली, कंपनीने घातलेली, शिवाय मध, पाक आणि फळांच्या रसातलीसुद्धा. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली यात धरत नाहीत.

प्रश्न: वय ४२. दारू नाही, सिगरेट नाही, मिठाईची आवड नाही. साखर फक्त चहात. तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलं आणि ट्रायग्लिसराइड २६०. डॉक्टर म्हणाले साखर कमी करा. पण मी खातोच कुठे?

तुमच्या मेलमधे खाली तुम्ही स्वतःच लिहिलंय की दिवसाला पाच कप चहा होतो, प्रत्येकात दोन चमचे, आणि दुपारी ऑफिसात झोप येते म्हणून एक कोल्ड्रिंकची बाटली, अर्ध्या लिटरची. चला मोजू. चहाचे दहा चमचे म्हणजे ४० ग्रॅम. बहुतेक कोल्ड्रिंकमधे १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते म्हणजे बाटलीत पन्नासच्या वर. झाले नव्वद ग्रॅम, बिस्किटं आणि सॉस अजून धरलेच नाहीयेत आणि तुम्ही म्हणताय खातोच कुठे. खरंय, तुम्ही खात नाही, पिता.

मी हे पेशंटला तोंडी सांगायचं सोडून दिलंय. माझ्या टेबलावर एक काचेची बशी आणि साखरेची बरणी असते, बाटलीवरचं लेबल त्यांनाच वाचायला लावते आणि चमच्याने बशीत साखर काढायला सांगते. सातव्या-आठव्या चमच्याला हात थांबतो आणि माझ्याकडे बघतात, "अजून?" हो, अजून पाच. शेवटी बशीत जो ढिगारा होतो तो कुणाला चमच्याने खायला दिला तर दोन घासात नको म्हणेल, पण पाण्यात विरघळवून, थंड करून, थोडं आंबट घालून दिला की पाच मिनिटात पोटात जातो आणि पोट भरल्याची जाणीवही नाही. गोड पेयांची खरी खोच हीच आहे, तेवढ्याच कॅलरी चावून खाल्ल्या असत्या तर पुढच्या जेवणात थोडं तरी कमी जेवला असता, पिऊन घेतल्या की मेंदू त्या नीट हिशोबात धरत नाही.

आता लिव्हरचा काय संबंध? साधी साखर म्हणजे सुक्रोज, तिच्या प्रत्येक कणात अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तातून सगळीकडे जातं, मेंदू वापरतो, स्नायू वापरतात, उरलं तर साठवतात. फ्रुक्टोजचं तसं नाही, ते बहुतेक सगळं लिव्हरच्याच गळ्यात पडतं. थोडं थोडं आलं तर लिव्हर सहज निपटतं, पण बाटलीभर एकदम आलं, आणि रोज आलं, आणि त्यात माणूस दिवसभर खुर्चीत, तर लिव्हर त्यातल्या काही भागाची चरबी बनवतं. ती चरबी थोडी तिथेच साठते, ते तुमचं फॅटी लिव्हर, आणि थोडी रक्तात सोडली जाते, ते तुमचे ट्रायग्लिसराइड. १५० च्या खाली हवेत, तुमचे २६०. म्हणजे तुमचे दोन रिपोर्ट ही दोन दुखणी नाहीत, एकाच कारखान्याचं गोदाम आणि ट्रक आहेत. (सगळा दोष साखरेचाच असं मात्र नाही हं, पोटाचा घेर, बसून काम, एकूण जास्तीचं खाणं, घराण्यातला कल हे सगळं त्यात असतं.)

फ्रुक्टोज लिव्हरमधे फोडताना यूरिक ॲसिडही तयार होतं, म्हणून पायाचा अंगठा सुजून लाल होण्याचा त्रास म्हणजे गाउट ज्यांना आहे त्यांनाही गोड पेयं बंद करायला सांगतो. तुम्ही एकदा यूरिक ॲसिड बघून घ्या.

आता चांगली बातमी, हे उलटं फिरतं. २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, फॅटी लिव्हर असलेल्या वयात येणाऱ्या मुलांना आठ आठवडे फ्री शुगर अगदी कमी करून जेवण दिलं तर लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली, जे नेहमीचंच खात होते त्यांची जवळजवळ तिथेच राहिली. तुम्ही बाटली आजच बंद करा, त्यात कमी-कमी करत जायचं काही नाही. चहाचं मात्र हळूहळू, दोनचा दीड, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवलं की लिव्हरला खूप फरक पडतो. तीन महिन्यांनी परत रक्त तपासा, ट्रायग्लिसराइड लिव्हरच्या चरबीपेक्षा लवकर खाली येतात आणि आकडा उतरलेला बघितला की माणसाला हुरूप येतो.

प्रश्न: पांढरी साखर विष आहे म्हणून आम्ही घरात ब्राऊन शुगर आणि मध सुरू केलं. आता मनमोकळं वापरलं तर चालेल ना?

नाही. ब्राऊन शुगर म्हणजे साखरच, थोडी मळी राहिलेली किंवा वरून लावलेली. तिच्यात जी खनिजं असतात ती इतकी किरकोळ की त्यांच्यासाठी ती खायची म्हणजे लोह मिळावं म्हणून खिळा चाटण्यासारखं आहे. मधातही जवळपास ८० टक्के साखरच, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, चव छान, घसा खवखवत असेल तर बरं वाटतं, इतकंच. "मनमोकळं" या शब्दावर माझा आक्षेप आहे, आधी दोन चमचे साखर घेत होतात आता तीन चमचे मध घेताय आणि वर समाधान. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध बोटाला लावूनसुद्धा चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. क्वचित होतो, पण झाला तर बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वासावर येतं.

प्रश्न: फळांत पण फ्रुक्टोज असतं ना? मग फळं पण बंद का? आणि ज्यूस घरी काढलेला असेल तर?

फळं बंद करायला कुणी सांगितलं? तुम्ही एक संत्रं सोलून खाता, चोथा चावता, चार-पाच मिनिटं जातात, तंतूंमुळे साखर सावकाश आत जाते, दुसरं संत्रं खाईपर्यंत पोट म्हणतं बास. आता रस काढा. एका ग्लासाला तीन-चार संत्री लागतात, चोथा कचऱ्यात आणि साखर सगळी ग्लासात, तीस सेकंदात संपला. घरी काढला, ताजा काढला, साखर घातली नाही, तरी तो फ्री शुगरमधेच मोजला जातो आणि ग्लासभर ज्यूसमधली साखर तेवढ्याच कोल्ड्रिंकच्या फार मागे नसते. जीवनसत्त्वं जास्त हे मान्य, पण ती अख्ख्या फळातही आहेतच की.

स्मूदी म्हणजे मधलं काहीतरी, चोथा राहतो पण पिऊनच घेतो आपण. सुकामेवा, मनुका-खजूर वगैरे, पाणी निघून गेल्यामुळे मूठभरात बरीच साखर, खा पण मोजून. डायबिटीस असणाऱ्यांनीही अख्खं फळ एका वेळी एक, जेवणावर लगेच ढीगभर नाही, असं खायला हरकत नसते.

प्रश्न: माझा मुलगा ६ वर्षांचा. वाढदिवसाच्या पार्टीत केक-चॉकलेट खाल्लं की नुसता उधळतो, भिंतीवर चढायचा बाकी राहतो. शुगर रश म्हणतात ते हेच का? आणि दातही किडायला लागलेत.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी उधळण्याचं सांगते आणि त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही हे मला माहितीये, माझ्या सख्ख्या बहिणीनेही ठेवलेला नाही. साखरेने मुलं हायपर होतात हे तपासायला बरेच प्रयोग झाले, मुलांना कधी साखर कधी तशाच चवीचं बिनसाखरेचं, आईबाप आणि मुलं कुणालाच माहीत नाही काय दिलंय. १९९५ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि वागण्यात फरक सापडला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर फारच मजेशीर आहे. सगळ्याच मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं, पण अर्ध्या आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिलीये. त्या आयांना आपलं मूल जास्त चळवळं वाटलं, त्या त्याच्या जास्त जवळ जवळ राहिल्या आणि त्याला जास्त टोकत राहिल्या. साखर कुणालाच दिलेली नव्हती! पार्टीत वीस मुलं, फुगे, मोठ्याने गाणी, झोपेची वेळ टळलेली, हे सगळं बाजूला ठेवून बिचाऱ्या केकवर आळ येतो.

पण दातांच्या बाबतीत मात्र साखर पक्की गुन्हेगार. तोंडातले जिवाणू, त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा मुख्य, साखर खाऊन आम्ल बनवतात. काही मिनिटांत दातावरचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचातली, खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन काढते आणि खनिजं परत बसवते, त्याला अर्धा तास तरी लागतो, कधी जास्तच. आता विचार करा, मुलाने पाच चॉकलेटं जेवल्यावर एका दमात खाल्ली तर दातावर एक हल्ला. तीच पाच दिवसभरात तासातासाने चघळली तर पाच हल्ले आणि लाळेला सावरायला वेळच नाही. म्हणजे दातांसाठी किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि किती वेळ चिकटून राहिलं हे जास्त महत्त्वाचं.

हे कळलं कसं त्याची गोष्ट मात्र गोड नाही. स्वीडनमधे विपेहोल्म नावाची मतिमंद लोकांची संस्था होती, तिथे १९४५ पासून काही वर्षं रहिवाशांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली, काहींना जेवणासोबत आणि काहींना मधल्या वेळी चिकट टॉफ्या. टॉफीवाल्यांचे दात धडाधड किडले. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती, आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, पण दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावर "मधल्या वेळी गोड नको" हे जे ऐकायला मिळतं त्यामागे ही माणसं आहेत.

तेव्हा चॉकलेट द्यायचंच तर जेवणानंतर लगेच द्या, नंतर पाण्याने चूळ. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नाही, दूध पण नाही. फ्लोराइडवाली टूथपेस्ट, या वयात वाटाण्याएवढी. आंबट-गोड पेय प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, इनॅमल नरम झालेलं असतं, अर्धा तास थांबा. आणि खोकल्याची औषधं बघा, बऱ्याच सिरपमधे साखर असते आणि आपण ती नेमकी झोपताना पाजतो. किडलेल्या दातांचं "दुधाचेच आहेत, पडतील" म्हणून सोडू नका, दुखून मूल जेवेनासं होतं आणि खालच्या पक्क्या दातालाही त्रास होऊ शकतो.

प्रश्न: गरोदर आहे, पाचवा महिना. गोड खाण्याचा बाळावर पुढे जाऊन काही परिणाम होतो का?

थोडक्यात, होऊ शकतो असं दिसतंय. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर ब्रिटनमधे साखरेचं रेशनिंग होतं, ते सप्टेंबर १९५३ मधे उठलं आणि लोकांचं साखर खाणं थोड्याच काळात जवळपास दुप्पट झालं. २०२४ साली संशोधकांनी या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची तुलना केली. पोटात असताना आणि पहिली दोनेक वर्षं ज्यांच्या वाट्याला रेशनची कमी साखर आली त्यांना पुढे मोठेपणी टाइप २ डायबिटीसचा धोका साधारण ३५ टक्के आणि हाय ब्लड प्रेशरचा साधारण २० टक्के कमी निघाला. आणि रेशन म्हणजे काही उपाशी नव्हते हो ते, दिवसाला जवळपास ४० ग्रॅम साखर मिळत होती, म्हणजे आजच्या सल्ल्यात बसेल इतकीच. तेव्हा डोहाळे लागले तर दोन घास खा आणि मजेत खा, रोजची गोड पेयं तेवढी टाळा, साखरेची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका आणि बाळाला दोन वर्षांचं होईपर्यंत वरून साखर घालून काही देऊ नका, त्याला त्याची गरजही नसते आणि आठवणही.

प्रश्न: मी १६ वर्षांची आहे. पिंपल्स खूप येतात. ऑनलाइन ३० दिवस नो शुगर चॅलेंज करतायत सगळे. मी चौथ्या दिवशी रात्री अख्खं चॉकलेट खाल्लं आणि रडले. मला साखरेचं व्यसन आहे का?

अगं, रडायचं काय त्यात. व्यसन हा शब्द आजकाल फार स्वस्त झालाय. गोड खाल्लं की मेंदूत डोपामाइन हे ‘छान वाटलं, परत हवं’ सांगणारं रसायन वाढतं हे खरं, पण ते आवडीचं गाणं लागल्यावरही वाढतं. दारू-तंबाखूसारखं साखरेचं व्यसन माणसांत लागतं याचा पक्का पुरावा नाहीये. तुझं काय झालं सांगते, तू चार दिवस स्वतःला कडक बंदी घातलीस, दुपारी बहुतेक नीट जेवलीही नसशील, रात्री अकराला भूक आणि बंदी दोन्ही एकदम अंगावर आल्या. हे कुणाचंही होईल. मी नाइट ड्युटी करायचे तेव्हा मशीनची गोड कॉफी रात्रीतून सहा-सहा कप प्यायचे, दर वेळी तासभर तरतरी आणि मग हात थरथरायला लागले की पुढचा कप, आणि सकाळी पेशंटला साखर कमी करा म्हणून सांगायचे. एकदा एका आजींनी विचारलं, "तू काय पितेस गं?" तेव्हापासून लाजेखातर कमी केली.

जिभेचं असं आहे की ती सवयीची गुलाम आहे पण शिकतेही. साखर कमी करून दोन-तीन महिने राहिलेल्या लोकांना आधीचंच पुडिंग जास्त गोड लागायला लागतं, हे प्रयोगात दिसलंय. तीस दिवसांच्या शर्यतीत ते साधत नाही, एकतीसाव्या दिवशी सगळे तुटून पडतात. तू फक्त दोनच गोष्टी कर, गोड पेयं बंद (एनर्जी ड्रिंकसुद्धा, त्यात वर कॅफीन) आणि सकाळचा नाश्ता पोटभर, अंडं किंवा डाळ-कडधान्य असं प्रथिनाचं काहीतरी घेऊन. चॉकलेट आठवड्यातून दोनदा, उघडपणे, चोरून नाही.

पिंपल्सचं, जास्त साखर आणि मैद्याने इन्सुलिन वाढतं आणि त्याचा त्वचेच्या तेलग्रंथींवर परिणाम होतो, काही मुलींना खाणं बदलल्यावर फरक पडतो, सगळ्यांना नाही. पाळी अनियमित असेल किंवा खड्डे पडत असतील तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा, त्यासाठी चांगली औषधं आहेत. आणि असं रात्री खूप खाऊन रडणं, मग उपाशी राहणं, हे परत परत व्हायला लागलं तर आईला सांग, लपवू नकोस.

प्रश्न: साखर खाल्ल्याने डायबिटीस होत नाही असं एक डॉक्टर म्हणतात, होतो असं दुसरे म्हणतात. माझं एचबीए१सी ६.१ आलंय, आईला डायबिटीस आहे. नक्की काय समजू?

दोघंही अर्धं अर्धं बरोबर. टाइप १ मधे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, त्याचा गोड खाण्याशी संबंध नाही, त्या मुलांच्या आईबापांना "लाड करून गोड खाऊ घातलंत" असं ऐकवणारे नातेवाईक भेटले की मला फार राग येतो. टाइप २ मधे थेट चमचा मोजून कारण दाखवता येत नाही, पण रस्ता दिसतो. साखरेने वजन वाढतं, लिव्हरमधे चरबी साठते, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडून सोडून थकतं. २०१० साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा रोज एक-दोन गोड पेयं घेणाऱ्यांत टाइप २ चा धोका, क्वचितच किंवा अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त दिसला होता.

तुमचा ६.१ हा आकडा ५.७ ते ६.४ च्या पट्ट्यात, म्हणजे प्रीडायबिटीस. ६.५ पासून डायबिटीस म्हणतात. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दाखवते कारण साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि लाल पेशी १२० दिवस जगते, तेव्हा आदल्या दिवशी कडकडीत उपास करून रिपोर्ट सुधारत नाही, काही जण करून बघतात. रक्तात लोह कमी असेल तर मात्र आकडा जरा फसवा येऊ शकतो, ते डॉक्टरांना सांगा.

या टप्प्यावर सापडलात हे नशीब समजा. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल २००२ साली आले, तुमच्यासारख्याच लोकांनी वजन साधारण ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं ठरवून केलं तर पुढच्या तीनेक वर्षांत डायबिटीस होणाऱ्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. आणि फक्त साखरेच्या मागे लागू नका, पांढरा भात-ब्रेड ताटात किती आहे तेही बघा, पचल्यावर त्याचंही ग्लुकोजच होतं.

प्रश्न: शुगर-फ्रीच्या गोळ्या चहात चालतील का? त्याने कॅन्सर होतो म्हणे.

२०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ॲस्पार्टेमला, म्हणजे काही शुगर-फ्री गोळ्यांत गोडीसाठी असतं त्याला, ‘कदाचित कॅन्सरकारक’ गटात टाकलं आणि सगळीकडे बोंब झाली. हा गट म्हणजे पुरावा तोकडा आहे, अजून बघायला हवं, इतकंच. त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा आपल्या वजनाच्या किलोमागे ४० मिलीग्रॅम आहे तीच ठेवली, चहातल्या दोन-चार गोळ्यांनी तुम्ही तिच्या जवळपासही जात नाही. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम घ्यायचंच नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच संघटनेने सांगितलं की वजन कमी करायचा उपाय म्हणून ही गोडी वापरू नका, लांब पल्ल्यात फायदा दिसत नाही (ज्यांना आधीच डायबिटीस आहे त्यांना हा सल्ला लागू नाही). आणि जीभ तेवढीच गोडाला सोकावलेली राहते. साखरेतून बाहेर पडायला सहा महिने पूल म्हणून वापरा, पुलावर घर बांधू नका.

कॅन्सरचं निघालंच आहे तर, "साखर खाल्ली की गाठ वाढते" म्हणून केमो चालू असलेल्या माणसाचं खाणंपिणं तोडणारे घरचे लोक मी पाहिलेत. गाठीच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरं, पण साखर बंद केली म्हणून त्या उपाशी मरत नाहीत, शरीर दुसरीकडून ग्लुकोज बनवतंच, आणि पेशंट मात्र वाळतो. त्याच्या ताटाचं त्याच्या डॉक्टरला विचारा.

प्रश्न: वडील ७१, डायबिटीसच्या गोळ्या चालू. मागच्या आठवड्यात पहाटे घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. आईने साखर द्यायला नकार दिला, डायबिटीसवाल्याला साखर कशी द्यायची म्हणून. आम्ही बिनसाखरेचा चहा दिला, अर्ध्या तासाने जरा बरं वाटलं. बरोबर केलं का?

नाही, आणि थोडक्यात निभावलं असं समजा. ही साखर कमी झाल्याची लक्षणं आहेत, रक्तात ७० च्या खाली. अशा वेळी साखर हेच औषध आणि तेही ताबडतोब, साखर मोजायचं मीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका. १५ ग्रॅम द्यायची, म्हणजे साडेतीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून, किंवा अर्धा कप फळांचा रस (वर ज्याला नावं ठेवली तोच), किंवा साधं कोल्ड्रिंक, डाएट नाही. १५ मिनिटं थांबा, परत तपासा, अजून ७० च्या आत असेल तर परत तेवढंच. चॉकलेट-केक नको, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला उशीर लागतो. सावरले की काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल, सरळ कुशीवर वळवा आणि ॲम्ब्युलन्स.

आईंना सांगा की डायबिटीसमधे साखर नको हा नियम रोजच्या खाण्यासाठी आहे, या वेळेसाठी नाही. हे पहाटे का झालं तेही शोधायला हवं, रात्री जेवण कमी झालं का, गोळी दोनदा घेतली का, किडनीची तपासणी शेवटची कधी झाली. याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या, डोस कमी करावा लागेल बहुतेक, आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

आणि जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन जा. त्यात ॲकार्बोज किंवा वोग्लिबोज हे नाव असेल तर नेहमीची साखर अशा वेळी लवकर काम करत नाही, कारण ते औषध साखर फोडण्याचं कामच आतड्यात अडवतं. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातून ग्लुकोज पावडर आणून ठेवा, एक पुडा स्वयंपाकघरात आणि एक उशाशी.